अर्ज लिहिणारा लाचार असतो काय? एका विशेषणाचा आणि वऱ्हाडाचा धागा

१/
दर दोन-चार महिन्यांनी समाजमाध्यमांवर एखाद्या जुन्या अर्जाचे छायाचित्र फिरू लागते. शेवटी 'आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक' अशा अर्थाची ओळ असते, तिच्याभोवती लाल वर्तुळ काढलेले असते आणि खाली निकाल असतो: 'पाहा, हा लाचार होता.' अर्ज कोणाचा, हे गटागटानुसार बदलते. वर्तुळ आणि निकाल मात्र बदलत नाहीत. आजचा धागा त्या लाल वर्तुळाविरुद्ध आहे. उदाहरणे शक्यतो आमच्या वऱ्हाडातली घेतो, कारण विनवणीच्या भाषेचा इतका दीर्घ इतिहास एकाच प्रदेशात क्वचितच सापडतो.

२/
आरंभ एका इंग्रजी विशेषणापासून करू: 'प्रेकटरी'. बोलण्यात हा शब्द जवळपास कधीच येत नाही. तो वकिलांच्या आणि व्याकरणकारांच्या कोशात राहतो. अर्थ : विनवणीच्या स्वरूपाचा, प्रार्थनावाचक. ज्या वाक्यात इच्छा व्यक्त होते पण आज्ञा नसते, ते वाक्य प्रेकटरी. 'माझ्या पश्चात धाकट्यांकडे लक्ष द्यावे' असे कोणी मृत्युपत्रात लिहिले, तर ती अपेक्षा आहे की बंधन? या एका प्रश्नावर इंग्लंडच्या न्यायालयांत पिढ्यान्‌पिढ्या वाद झडले.

३/
जुनी इंग्रजी न्यायालये अशा शब्दांना बंधनकारक मानण्याकडे झुकत. १८७१ च्या 'लॅम्ब विरुद्ध ईम्स' खटल्यापासून कल बदलला. १८८४ मध्ये एका प्रसिद्ध प्रकरणात पतीने सर्व मालमत्ता पत्नीला देऊन, ती मुलांच्या बाबतीत योग्य तेच करील असा 'पूर्ण विश्वास' मृत्युपत्रात व्यक्त केला होता. न्यायालयाने म्हटले, हा विश्वास आहे, बंधन नव्हे. आणि त्याच्या केवळ दोन वर्षे आधी, १८८२ च्या भारतीय न्यास अधिनियमात, 'संपूर्ण विश्वास' ठेवून दिलेल्या मालमत्तेचे उदाहरण देऊन सांगितले आहे की यातून न्यास निर्माण होतो; 'आशा आहे' एवढेच म्हटले असेल तर होत नाही.

४/
म्हणजे शब्द जवळपास तोच, अर्थ लंडनमध्ये एक आणि हिंदुस्थानात दुसरा. मित्रहो, धाग्याचा पहिला मुद्दा येथेच आहे. विनवणीच्या शब्दाचे वजन त्या शब्दात नसते. कोणी लिहिले, कोणाला लिहिले, सोबत काय लिहिले आणि पुढे काय घडले, यांवरून ते ठरते. निष्णात न्यायाधीशांना जे एका ओळीवरून ठरवता आले नाही, ते आपण एका छायाचित्रावरून ठरवू पाहतो.

५/
आता या शब्दाचे कुळ पाहू. लॅटिनमध्ये 'प्रेकारी' म्हणजे विनवणे. त्यातून 'प्रेअर' आला, 'प्रेकटरी' आला आणि 'प्रिकेरिअस'ही आला. आज 'प्रिकेरिअस' म्हणजे डळमळीत, बेभरवशाचे. मूळ अर्थ 'विनवणी करून मिळालेले, म्हणून दुसऱ्याच्या मर्जीवर टिकणारे' असा होता. रोमन कायद्यात 'प्रेकारियम' नावाची एक व्यवस्थाच होती : कोणी विनंती केली म्हणून जमीन वापरायला द्यायची आणि देणाऱ्याच्या मनात येईल तेव्हा परत घ्यायची. शब्दाच्या पोटात राजकारणाचा एक सिद्धान्त दडलेला आहे : जे मर्जीने मिळते ते मर्जीने जाते.

६/
याच कुळाची दुसरी शाखा आपल्या घरात आहे. भाषाशास्त्रज्ञ लॅटिन 'प्रेकारी' आणि संस्कृत 'प्रच्छ्' हे एकाच प्राचीन धातूचे वंशज मानतात. 'पृच्छा' आणि 'प्रश्न' त्यातलेच, आणि प्राकृतातून उतरलेले मराठी 'पुसणे'ही त्यातलेच. वऱ्हाडात आजही 'त्याले पुस' असे म्हणतात, तेव्हा याच धातूचा उच्चार होत असतो. एका शाखेत त्या धातूची विनवणी झाली, दुसऱ्या शाखेत प्रश्न झाला. हे नाते लक्षात असू द्या. धाग्याच्या शेवटी ते कामाला येईल.

७/
आपल्याकडील शब्दही तपासू. 'अर्ज' अरबीतून फारसीमार्गे आला. त्याचा मूळ अर्थ समोर मांडणे, सादर करणे. 'विज्ञापना' म्हणजे जाणवून देणे, कळविणे. दोहोंच्या मुळाशी भीक नाही; माहिती समोर ठेवण्याची कृती आहे. नम्रता त्यांना दरबारात चिकटली, कारण वरिष्ठांसमोर काही मांडायचे तर मान झुकवून मांडायचे, हा दरबाराचा दंडक होता.

८/
व्याकरणही आपल्याला सावध करते. पाणिनीने लिङ् या क्रियारूपाचे जे अर्थ सांगितले, त्यांत विधी आहे आणि प्रार्थनाही आहे : हुकूम आणि विनवणी एकाच रूपात. मराठीचा विध्यर्थ तसाच. साहेब लिहितो, 'सकाळी अकरा वाजता हजर राहावे.' अर्जदार लिहितो, 'आमच्या नुकसानीची पाहणी करावी.' 'राहावे' आणि 'करावी' यांत रूपाचा भेद नाही. कोण वर आणि कोण खाली, हे क्रियापद सांगत नाही. ते काम मायन्याकडे सोपविलेले असते. आणि मायना हा लिहिणाऱ्याचा स्वभाव नसतो, तो त्या काळचा रिवाज असतो.

९/
मराठी दफ्तरे चाळणाऱ्यांना हे ठाऊक असते. वरिष्ठाकडून कनिष्ठाकडे गेलेल्या पत्रात 'आज्ञा', बरोबरीच्या माणसाला 'विनंती', छत्रपतींना 'विज्ञापना', बादशहाला 'अर्जदास्त'. अठराव्या शतकाच्या मध्यावर सर्व सत्ता पुण्यात एकवटली होती, तरी पेशवे साताऱ्यास विज्ञापनाच करीत. त्या मायन्यावरून कोणी पेशव्यांना छत्रपतींच्या मर्जीवर जगणारे म्हणणार नाही. तिकडे इंग्रज अधिकारीही एकमेकांना आणि कित्येकदा हिंदी अर्जदारालाही लिहिताना 'आपला आज्ञाधारक सेवक' अशीच सही करीत. अर्ज फेटाळणाऱ्या पत्राखालीही तीच ओळ असे! त्या ओळीभोवती मात्र कोणी लाल वर्तुळ काढीत नाही.

१०/
आता वऱ्हाडात येऊ. अमरावती जिल्ह्यात अचलपूरजवळ चम्मक नावाचे गाव आहे. येथे वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला. काळ इसवी सनाचे पाचवे शतक, राज्यवर्ष १८. भोजकट प्रदेशातील, मधुनदीच्या तीरावरचे चर्मांक हे गाव एक हजार ब्राह्मणांना दिल्याची त्यात नोंद आहे. दान सशर्त आहे : राज्याशी द्रोह करू नये, चोरी करू नये, युद्ध करू नये, दुसऱ्या गावांना उपद्रव देऊ नये. या अटी मोडल्या आणि राजाने गाव परत घेतले, तर ती चोरी ठरणार नाही, असेही राजाने बजावून ठेवले आहे.

११/
या ताम्रपटातील माझे आवडते स्थळ शेवटाकडे आहे. जे आज सत्तेखाली आहेत त्यांच्याविषयी राजा 'आज्ञापयामः' म्हणतो : आम्ही आज्ञा करतो. पुढे येणाऱ्या, त्या त्या काळी समर्थ असणाऱ्या राजांविषयी मात्र क्रियापद बदलते : 'विज्ञापयामः'. आम्ही विज्ञापना करतो. एकाच लेखात, एकाच श्वासात, एकच राजा हुकूमही करतो आणि विनवणीही. तो भित्रा झाला म्हणून नव्हे. त्याची सत्ता मृत्यूपाशी संपते, आणि भविष्यातल्या राजावर कोणाचाच हुकूम चालत नाही, हे तो जाणतो.

१२/
म्हणून माझे मत असे : विनवणीची भाषा माणसाचा कणा दाखवीत नाही, ती सत्तेची सीमा दाखविते. जेथवर हात पोहोचतो तेथवर आज्ञा. जेथे पोहोचत नाही तेथून पुढे विज्ञापना. इतिहासाच्या अभ्यासकाला विनवणीचा कागद मौल्यवान असतो तो यासाठी, की त्या क्षणी सत्ता नेमकी कोणाच्या हाती होती, याचा नकाशा त्यात असतो.

१३/
जाता जाता या कुळातील एक उग्र भाऊबंद. 'इम्प्रेकटरी' म्हणजे शापवाचक. तीच विनवणी, पण दुसऱ्याचे वाईट व्हावे म्हणून केलेली. आमच्या नांदगाव खंडेश्वरचे खंडेश्वराचे हेमाडपंती देवालय यादवकालीन. त्या काळच्या महाराष्ट्रातील दानलेखांच्या शेवटी दान मोडणाऱ्याला शाप देण्याची रीत होती. कोठे कोठे, विशेषतः कोकणात, गाढवाचे चित्र कोरलेला गधेगाळ उभा केलेला दिसतो. विनवणी ऐकली नाही तर शाप. दोन्ही उपाय एकाच अडचणीवरचे : आपल्यामागे आपला शब्द कोण पाळणार?

१४/
पुढचे उदाहरण शिवाजी महाराजांचे. ऑगस्ट १६६६ मध्ये आग्र्याहून निसटल्यावर महाराजांनी लगेच युद्ध पुकारले नाही. १६६७-६८ मध्ये त्यांनी मोगल दरबाराशी नम्र भाषेत पत्रव्यवहार केला, तह टिकविण्याची इच्छा दर्शविली. १६६८ मध्ये औरंगजेबाने त्यांना 'राजा' किताब मान्य केला. संभाजीराजांना पंचहजारी मनसब मिळाली आणि मनसबीपोटी जहागीर मिळाली ती आपल्या वऱ्हाडात. त्या वर्षांतले एखादे पत्र कापून, वर्तुळ काढून आज कोणी फिरविले, तर त्यावरून काय काय सिद्ध करता येईल, याची कल्पना करा.

१५/
पुढे काय झाले? महाराजांना आग्र्याच्या प्रवासासाठी दिलेले एक लाख रुपये वसूल करण्याकरिता मोगलांनी वऱ्हाडातील त्या जहागिरीचा भाग जप्त केला. रोमन 'प्रेकारियम'चे याहून चोख उदाहरण सापडणार नाही : मर्जीने दिले, मर्जीने काढले. पण तोवर महाराजांनी शांततेची ती वर्षे राज्याची घडी बसविण्यात लावली होती. फेब्रुवारी १६७० मध्ये कोंढाणा घेतला, ऑक्टोबरमध्ये सुरत दुसऱ्यांदा लुटली आणि वर्ष संपता संपता मराठे थेट वऱ्हाडात, कारंज्याच्या श्रीमंत पेठेवर येऊन धडकले. जहागीर जप्त करणाऱ्यांना त्याच सुभ्यात उत्तर मिळाले.

१६/
येथे दुसरा मुद्दा हाती येतो. नम्र पत्राचा अर्थ त्या पत्रात पूर्ण होत नाही. तो पुढच्या दोन-तीन वर्षांच्या कृतीत पूर्ण होतो. १६६८ चे पत्र १६७० वगळून वाचणे, म्हणजे नाटकाचा पहिला अंक पाहून उठून जाणे आणि बाहेर येऊन शेवट सांगणे होय.

१७/
आता एकोणिसावे शतक. २१ मे १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केले. कारण हैदराबाद कंटिन्जंट या फौजेचा खर्च आणि त्यापोटी साचलेले कर्ज. नावाची मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. मग सुरू झाली विनवण्यांची मालिका. दिवाण सालारजंग यांनी वऱ्हाड परत मिळावे म्हणून वर्षानुवर्षे प्रयत्न केले. ते फळाला आले नाहीत. नोव्हेंबर १९०२ मध्ये कर्झनच्या काळात करार झाला : वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे, मोबदला वर्षाला २५ लाख रुपये. पुढच्या वर्षी वऱ्हाड मध्यप्रांताला जोडले गेले.

१८/
१९२३ मध्ये निजाम उस्मान अली खान यांनी पुन्हा मागणी केली. या वेळी पत्राचा सूर विनवणीचा नव्हता. तहाने बांधलेल्या दोन बरोबरीच्या पक्षांपैकी एकाने दुसऱ्याशी बोलावे तसा होता. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांचे २७ मार्च १९२६ चे उत्तर प्रसिद्ध आहे. त्यात वऱ्हाडाची मागणी तर नाकारलीच, पण मुख्य भर दुसरीकडे होता : ब्रिटिश राजसत्ता हिंदुस्थानात सर्वोच्च आहे, कोणत्याही संस्थानिकाला तिच्याशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाट करण्याचा दावा करता येणार नाही. मागणीइतकाच, किंबहुना अधिक, मागणाऱ्याचा सूर सत्तेला झोंबला. मायना म्हणजे निव्वळ पोकळ शब्द, असेही म्हणता येत नाही ते यामुळे. मायना सोडणे हीदेखील राजकीय कृती असते आणि सत्ता ती लगेच ओळखते.

१९/
या सर्व पत्रव्यवहारातील एक उणीव मात्र विसरू नका. १८५३ असो वा १९०२, दोन्ही करारांत वऱ्हाडच्या लोकांना कोणी पुसले नाही. शेतसारा भरणारा कास्तकार, कापसाचा व्यापारी, गावचा पाटील, सारे कागदावर 'प्रदेश' या एका शब्दात मावले. विनवणारा निजाम होता, नाकारणारा व्हाइसरॉय होता. ज्यांचे वऱ्हाड होते ते या व्याकरणात कर्ताही नव्हते आणि कर्मही नव्हते.

२०/
त्या लोकांचा आवाज डिसेंबर १८९७ मध्ये अमरावतीत उमटला. राष्ट्रीय सभेचे तेरावे अधिवेशन तेथे भरले, अध्यक्ष सी. शंकरन नायर, स्वागताध्यक्ष अमरावतीचे वकील गणेश श्रीकृष्ण खापर्डे. वर्ष मोठे दाहक होते. पुण्यात प्लेग, जूनमध्ये रँडवर गोळ्या, सप्टेंबरमध्ये टिळकांना राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची शिक्षा. तरीही सभेच्या ठरावांची भाषा जुनीच, अर्ज-विनंतीची. पुढे जहालांनी या भाषेला भिक्षेकऱ्याचे राजकारण म्हटले आणि तो शिक्का आजही पाठ्यपुस्तकांतून पुसला गेलेला नाही.

२१/
तो शिक्का पूर्ण न्याय्य आहे काय? मला वाटते, अर्धाच. एक तर स्वतः टिळकांच्या सुटकेसाठी मॅक्स म्यूलर, दादाभाई नौरोजी प्रभृतींनी विनंतीअर्ज केला होता आणि सप्टेंबर १८९८ मध्ये, मुदतीआधी, अटींवर त्यांची सुटका झाली. त्याने टिळक नरमले नाहीत. दुसरे, १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा जहाल खापर्डेच इंग्लंडला गेले आणि त्यांनी प्रिव्ही कौन्सिलचे दार ठोठावले. ते अपील दाखल करून घेतले गेले नाही. प्रिव्ही कौन्सिलपुढील अर्जही नम्र प्रार्थनेच्याच भाषेत असतो! खापर्ड्यांना कोणी लाचार म्हणत नाही, आणि ते बरोबरच आहे.

२२/
तिसरे, ज्या शंकरन नायरांनी अमरावतीत 'विनंती'च्या काळातले अध्यक्षपद भूषविले, त्यांनीच १९१९ मध्ये जालियनवाला बागेनंतर पंजाबातील दडपशाहीच्या निषेधार्थ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा राजीनामा दिला. अमरावतीचेच दुसरे वकील रंगनाथ नरसिंह मुधोळकर आयुष्यभर मवाळ राहिले आणि १९१२ च्या बांकीपूर अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. एक गाव, एक व्यवसाय, दोन मार्ग. खापर्डे आणि मुधोळकर यांच्यात शूर-भित्रा अशी वाटणी करणे सोपे आहे. पण ती त्या दोघांवर आणि आपल्या बुद्धीवरही अन्याय करणारी आहे.

२३/
मग जहालांचे म्हणणे चुकीचे होते काय? नाही. त्यांच्या टीकेचा गाभा, माझ्या समजुतीप्रमाणे, अर्जाच्या शब्दांविषयी नव्हताच. अर्ज फेटाळल्यावर पुन्हा तसाच अर्ज करण्याखेरीज मवाळांकडे काही नव्हते, हा खरा आक्षेप होता. स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण हे त्या 'पुढे काय?'चे उत्तर होते. १९०७ चे अधिवेशन नागपूरला व्हायचे होते. या वादामुळेच ते सुरतेस हलविले गेले आणि तेथे सभा दुभंगली. भांडण मायन्याचे असते तर ते एखाद्या मसुद्यात मिटले असते. ते नकारानंतरच्या कृतीचे होते, म्हणून मिटले नाही.

२४/
तरुण मित्रांना, विशेषतः जुनी कागदपत्रे वाचू लागलेल्यांना, तीन प्रश्न सुचवितो. विनवणीचा कागद हाती आला की ते क्रमाने विचारावेत.
पहिला : मायना आणि सही झाकून वाचले, तर मागणी नेमकी कोणती आहे?
दुसरा : मागणी कोणासाठी आहे, आणि ती करताना काय गहाण टाकले आहे? स्वतःचा अहंकार, की दुसऱ्याचा हक्क, दुसऱ्याचे नाव, दुसऱ्याची सुरक्षितता?
तिसरा : होकार वा नकार आल्यानंतर लिहिणाऱ्याने काय केले?

२५/
या कसोटीत कोणाला फुकट सूट नाही, हे ध्यानात घ्यावे. काही अर्ज खरोखरच लाजिरवाणे असतात. स्वतःच्या वतनासाठी शेजाऱ्याची चहाडी करणारा कागद अत्यंत रुबाबदार भाषेत लिहिलेला असला तरी तो लाचारच. उलट दुष्काळात सारा माफ व्हावा म्हणून साष्टांग दंडवत घालून लिहिलेला गावाचा अर्ज ताठ मानेचा असू शकतो. आपल्या आवडत्या पुढाऱ्याला हे तीन प्रश्न विचारायची तयारी नसेल, तर नावडत्याच्या अर्जाभोवती वर्तुळ काढण्याचा अधिकार आपल्याला नाही.

२६/
हा विषय केवळ जुन्या दफ्तरांचा नाही. सोयाबीन पाण्यात गेले किंवा कपाशीवर बोंडअळी पडली की आमच्या तालुक्यातला शेतकरी तहसील कार्यालयात अर्ज देतो. 'सविनय सादर' येथून आरंभ आणि 'न्याय मिळावा, ही नम्र विनंती' येथे शेवट. उच्च न्यायालयातील याचिकेच्या शेवटच्या भागालाही आज 'प्रेअर', म्हणजे प्रार्थनाच म्हणतात. राज्य प्रजासत्ताक झाले, मायना दरबारीच राहिला. मागणारा बदलला आहे की नाही, हे त्या मायन्यावरून कळणार नाही.

२७/
बदल झाला तो कायद्यात. २००५ चा माहितीचा अधिकार अधिनियम अर्जदाराला माहिती का हवी, याचे कारण देण्याची सक्ती करीत नाही. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा हक्क केला. कागदावर आपण अजून 'विनंती' लिहितो, पण त्या विनंतीच्या पाठीशी कायद्याचे बंधन उभे आहे. ती कोणाच्या मर्जीवर टिकणारी, 'प्रिकेरिअस' राहिलेली नाही. निदान तशी राहू नये. येथे ते जुने भाषिक नाते पुन्हा आठवावे : एकाच धातूच्या एका शाखेत विनवणी झाली, दुसऱ्या शाखेत प्रश्न. माहितीचा अर्ज वर विनवणीचा वेश घालतो, पण आत तो पुसतो.

२८/
शेवटी एक काम सुचवितो. आपल्या घरातील जुन्या पेटीत आजोबा-पणजोबांचा एखादा अर्ज असेल : सारामाफीचा, विहिरीच्या तगाईचा, शाळा मागणारा, नोकरीवर परत घ्यावे म्हणून केलेला. तो काढा. शेवटच्या ओळीवर हसण्याआधी मधला मजकूर वाचा, तारीख पाहा आणि मिळालेच तर त्याचे उत्तरही शोधा. जमल्यास त्याची मागणी आणि पुढे घडलेली हकिकत, दोन्ही येथे खाली लिहा. कागद एकटा टाकू नका. त्याच्या पुढचे वर्षही सोबत द्या.

धागा समाप्त.